गुरुवारचं तेल

ही गोष्ट खरी आहे. हसायचं असेल तर खुशाल हसा. फक्त दिवस मावळताना, एकटे असताना हसून बघा.

मी बुरुल. आत-बाशी खोऱ्यातल्या अगदी शेवटच्या गावात राहते. आमच्या पुढे नुसता डोंगर.

मी घाबरट बाई नाही. अडलेल्या मेंढ्यांची बाळंतपणं या हातांनी केली आहेत. एकदा लांडग्याच्या अंगावर फावडं घेऊन धावले आहे. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की सगळ्यात आधी थट्टा करायचे ती मीच.

करायचे. आता करत नाही.

चार वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी. गुरुवार. संध्याकाळ व्हायला आलेली, दुपारपासून बर्फ पडत होता आणि लाइट गेलेली होती. जागा, आमच्या घरामागची ट्रॅक्टरची शेड.

पण आधी थोडं मागचं सांगावं लागेल.

माझ्या नवऱ्याचा मोठा भाऊ. त्यांचं नाव मी इथंही लिहिणार नाही. सासरच्या मोठ्या माणसाचं नाव सुनेनं घ्यायचं नाही, अशी आमच्याकडची रीत आहे. मी त्यांना थोरले म्हणते.

थोरल्यांचं लग्न झालं नव्हतं. ट्रॅक्टर हाच त्यांचा संसार, असं आम्ही चिडवायचो. त्याच्या आदल्या हिवाळ्यात, थंडी सुरू होताना त्यांनी घरच्या घरी इंजिन उघडलं. पिस्टनच्या नव्या रिंगा, सिलिंडरचे नवे लायनर, सगळं आणून ठेवलं. जुने भाग धुऊन-पुसून एका नमद्यावर, लोकरीच्या जाड घोंगडीवर, ओळीनं मांडले. मग कळलं की खिंडीकडे चरायला गेलेल्या घोड्या अजून खाली उतरल्या नाहीत.

"घोड्या घेऊन येतो. तोवर याला कुणी हात लावू नका," असं म्हणून ते निघाले.

त्याच रात्री वरती वादळ झालं.

घोडा परत आला. खोगीर रिकामं होतं.

गावातल्या पुरुषांनी खिंड पालथी घातली. बर्फ वितळल्यावर पुन्हा शोधलं. काही मिळालं नाही. टोपी नाही, चाबूक नाही... काहीच नाही.

सासूबाईंनी सांगून टाकलं, "प्रेत नाही, तर मरण नाही." त्यांनी ना रडणं होऊ दिलं, ना मयताचं जेवण घालू दिलं. जेवायला बसलो की थोरल्यांचा चहाचा कटोरा रोज मांडला जायचा. उताणा, भरायला तयार. कारण थोरले म्हणजे बूट काढायच्या आधी दारातूनच "चहा आहे का?" म्हणून विचारणारा माणूस.

आणि गुरुवार...

गुरुवारी संध्याकाळी आमच्याकडे घरोघर कढईत तेल तापवतात. त्यात पोळ्या तळतात. तो वास आपल्या गेलेल्या माणसांसाठी असतो. त्यांना अन्न नको असतं, वास पुरतो. एकेकाचं नाव घ्यायचं आणि म्हणायचं, पोचू दे. सासूबाई दर गुरुवारी सासऱ्यांचं नाव घ्यायच्या, आजेसासऱ्यांचं घ्यायच्या. थोरल्यांचं मात्र एकदाही घेतलं नाही. जिवंत माणसाच्या नावानं कुणी तेल तापवतं का?

इंजिन तसंच पडून राहिलं. त्याच्यावर सासूबाईंनी स्वतः नमदा पांघरला. "तो येईल आणि जोडेल," एवढंच म्हणाल्या.

पुढचा हिवाळा फार वाईट आला.

आमचं गवत नदीपलीकडे रचून ठेवलेलं. बर्फ इतका की घसरगाडी ओढणारे घोडे पोटापर्यंत रुतायचे. गावातले चालते ट्रॅक्टर ज्याच्या त्याच्या गवतामागे. आमच्या मेंढ्या भुकेनं एकमेकींची लोकर ओरबाडून खायला लागल्या होत्या. ज्यानं मेंढ्या पाळल्यात त्याला याचा अर्थ सांगायला नको. आणि आता पुन्हा वादळ येणार, असं सगळे म्हणत होते. त्याआधी गवत आलं नाही तर कळप संपला.

माझ्या नवऱ्यानं, कुबातनं, एके दिवशी जाऊन इंजिनावरचा नमदा काढला.

सासूबाई दारात उभ्या होत्या.  त्या दिवसापासून त्यांनी कुबातशी बोलणंच टाकलं. त्यांचं मला कळत होतं. इंजिन दुसऱ्यानं जोडायचं म्हणजे थोरले येणार नाहीत, हे कबूल करायचं. एका बाजूला उपाशी मेंढ्या, दुसऱ्या बाजूला आईची आशा. कुबात मधे पिसला जात होता, आणि पिसला गेला की तो चिडचिड करतो.

कुबात आणि मी एका वर्गातले. म्हणून मी त्याला अरे-तुरे करते. सासूबाईंना ते अजून खपत नाही.

तर त्या गुरुवारी इंजिन बांधून तयार होतं.

आणि ते चालू होत नव्हतं.

चुलीजवळ उबेला ठेवलेल्या बॅटऱ्या आम्ही दोघांनी उचलून शेडमध्ये नेल्या. कुबातनं सेल मारला. इंजिन फिरलं, पण नळीतून धुराची रेघसुद्धा नाही.

"पाइपांत हवा धरलीय," तो म्हणाला.

मग सिलिंडरमध्ये डिझेल सोडणाऱ्या नोझलकडे जाणारे चारही पाइप सैल केले. हातपंप मारून मारून माझा खांदा भरून आला. आधी फेस, मग डिझेल. कुबातनं एकेक नट आवळला. पुन्हा सेल. आता पांढरा धूर आला, भकाभका... पण पेट काही घेईना.

त्यानं फोनवर शेजारच्या शार्शेनकाकांना विचारलं. म्हाताऱ्याचं उभं आयुष्य ट्रॅक्टरवर गेलेलं. ते म्हणाले, रिंगा नव्या, लायनर कोरडे, वर ही थंडी. दाब धरत नाही. नोझल काढ, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं गरम तेल सोड, मग बघ.

इंजिनाच्या तेलाचा डबा गोठून लापशीसारखा झाला होता. तो तापवायला वेळ कुणाला होता? अंगणातल्या चुलीवर कढई होती. सासूबाईंनी नुकत्याच सासऱ्यांच्या नावानं पोळ्या तळल्या होत्या. तेल अजून तापलेलं.

कुबात गेला आणि त्या कढईतलं मगभर तेल घेऊन आला.

शेडभर तो वास पसरला. 

एक, दोन, तीन सिलिंडर झाले. चौथ्यात तेल ओतताना त्यानं छताकडे बघितलं. थकला होता, वैतागला होता. भावाशी भांडावं तसं म्हणाला,

"घे दादा. तुझंच इंजिन, तुझ्याच नावाचं तेल. पोचू दे तुला."

मी म्हणाले, "कुबात, आज वार कोणता आहे?"

"माहितेय. मग काय इंजिनाला उपाशी ठेवू?"

 नोझल परत बसवले, नट आवळले. तो सीटवर चढला. मी कंदील धरून पंपापाशी उभी राहिले.

सेल मारला. घर्र... घर्र... पांढरा धूर. बंद.

त्यानंतर जी शांतता झाली, ती नेहमीची नव्हती.

आधी लक्षात आलं नाही काय कमी झालंय. मग कळलं. आमचा कुत्रा दुपारपासून बर्फावर भुंकत होता... तो गप्प झाला होता.

भिंतीपलीकडे मेंढ्या. भुकेनं दिवसभर ओरडत होत्या.

त्याही गप्प.

आणि मग...

टक... टक.

पान्यानं पाइपावर मारल्याचा आवाज. दोनदा.

कुबातनं लगेच सेल मारला. घर्र... घर्र... बंद. वरून म्हणाला, "काय दिसलं? डिझेल येतंय का?"

तो सीटवरून खाली वाकला. "अगं, ठोकलंस ना तू?"

माझ्या दोन्ही हातांत कंदील होता.

थोरल्यांची ती सवय होती. स्वतः इंजिनाशी वाकायचे आणि कुबातला सीटवर बसवायचे. पान्यानं दोन टकटक म्हणजे 'मार सेल'. पोरवयापासून कुबातचा हात त्या आवाजावर आपोआप चालायचा. आत्ताही तसाच चालला होता.

ते त्याच्याही लक्षात आलं. त्याचा चेहरा मी बघितला.

"थंडीनं लोखंड आवळतं," तो म्हणाला. "वाजतं कधीकधी."

"हो," मी म्हणाले. 

तेवढ्यात खाली थेंब पडल्याचा आवाज आला. टप... टप...

मी कंदील खाली नेला. चौथ्या पाइपाचा नट सैल होता. डिझेल ठिबकत होतं.

"मी आवळला होता," कुबात म्हणाला.

"मी बघितलं."

त्यानं पुन्हा आवळला. इतका, की मनगटाच्या शिरा तट्ट फुगल्या. फडक्यानं पुसून कोरडा केला. आम्ही बॅटरीच्या तारा बघायला वळलो.

टप...

टप...

तोच नट. पुन्हा सैल.

हवा काढायची असली की असाच नट सैल करतात. आम्ही जे करत होतो तेच दुसरं कुणीतरी करून बघत होतं. आमच्यावर विश्वास नसल्यासारखं, पहिल्यापासून. त्याला मदत म्हणायची की अडवणूक, हे मला आजही कळलेलं नाही.

मला पळायचं होतं.  पण कुबात हट्टाला पेटला होता. मेंढ्या, वादळ, आईचा अबोला, सगळं त्या एका नटावर आलं होतं. तो पाठ करून पाना शोधत होता. मधेच चिडून म्हणाला,

"आता इंजिन कशाला फिरवतेस? बोट जाईल."

"मी नाही फिरवत."

तो वळला.

इंजिनाचा पंखा फिरत होता.

हळू... अगदी हळू. थोडासा फिरायचा आणि थांबायचा. पुन्हा थोडासा. खाली आडवं पडून कुणी मोठ्या पान्यानं इंजिन हातानं फिरवतं आणि खूण जुळते का बघतं ना... तसा. आतून रिंगांची घरघर ऐकू येत होती.

ट्रॅक्टरखाली कंदिलाचा उजेड पोचत नव्हता.

आणि आता वासही बदलला होता. डिझेलचा नाही, तेलाचा नाही. ओल्या नमद्याचा वास. घोड्याच्या घामाचा.

कुबात अगदी बारीक आवाजात म्हणाला, "दादा?"

पंखा थांबला.

माझ्या मागे शेडचं दार करकरलं. मी कंदील उगारूनच वळले. पण त्या सासूबाई होत्या. डोक्यावरच्या रुमालावर बर्फ, चेहरा पांढराफटक.

कित्येक दिवसांनी त्या कुबातशी बोलल्या.

"माझ्या कढईतलं तेल कुणी नेलं?"

"मी, आई."

"त्याच्यावर नाव कुणाचं घेतलंस?"

कुबात हातावरचं डिझेल फडक्यानं पुसायला लागला.

"कुणाचं नाव घेतलंस, कुबात?"

"दादाचं."

सासूबाईंचा हात वर गेला. मला वाटलं, आता त्याच्या कानाखाली बसणार. मीही त्यांच्या जागी असते तर मारली असती.

तेवढ्यात...

टक... टक.

सासूबाईंचा हात तसाच हवेत राहिला. मग हळूहळू खाली आला. त्या ट्रॅक्टरकडे बघत होत्या. रडल्या नाहीत, किंचाळल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या,

"जिवंत असता तर दारातून आला असता. बूट काढायच्या आधी चहा मागितला असता."

आणि म्हणाल्या, "तेलाच्या वासावर येतो, तो जिवंत नसतो."

मग आमच्याकडे वळल्या. "चला बाहेर. हाक आली तरी ओ देऊ नका."

त्यांनी अंगणातली चूल पुन्हा पेटवली. बर्फ पडतच होता. मी पीठ आणलं, त्यांनी स्वतः मळलं. मला हात लावू दिला नाही. पहिली पोळी तेलात सोडली आणि कुराणातल्या ओळी म्हटल्या. सासऱ्यांचं नाव घेतलं. आजेसासऱ्यांचं घेतलं. मग थांबल्या. इतका वेळ थांबल्या की पोळी एका बाजूनं करपली.

आणि मग थोरल्यांचं नाव घेतलं. म्हणाल्या, पोचू दे.

वर्ष उलटून गेलं होतं. ते नाव गेलेल्या माणसांच्या पंगतीत पहिल्यांदा बसलं.

सगळ्या पोळ्या होईपर्यंत त्यांचा हात थांबला नाही. आत आल्या, थोरल्यांचा कटोरा उचलला आणि फळीवर पालथा घातला. मग मात्र त्या जमिनीवर बसल्या आणि त्यांनी असा हंबरडा फोडला की मी तो जन्मात विसरणार नाही. कुबात त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडला. मीही रडले. भीती होती, पण त्या क्षणी दुःख भीतीपेक्षा मोठं होतं.

बाहेर कुत्रा पुन्हा भुंकायला लागला होता.

सकाळी आम्ही तिघंही शेडमध्ये गेलो. चौथा नट आवळलेला होता. कुणी आवळला, विचारू नका. कुबातनं बॅटऱ्या जोडल्या, सेल मारला, आणि पहिल्याच फटक्यात इंजिन धडधडून चालू झालं. वादळ यायच्या आत गवत आलं. कळप वाचला.

शार्शेनकाकांना विचारलं तर म्हणाले, त्यात काय मोठंसं. रात्रभर तेल रिंगांत मुरलं, दाब धरला.

असेल. तसंच असेल.

गावात ही गोष्ट सगळे सांगतात, पण ती इथेच संपवतात. आईनं मुलाला निरोप दिला, मुलगा गेला. सासूबाईही तसंच मानतात. त्या संध्याकाळनंतर त्या बदलल्या. नीट जेवायला लागल्या, माझ्या मुलीला गाणी म्हणून झोपवायला लागल्या. "माझा पोरगा पोचला," असं शांतपणे सांगतात.

पण एक राहिलं. ते फक्त कुबातला आणि मला ठाऊक आहे.

सासूबाई पोळ्या तळत होत्या तेव्हा आम्हाला पुन्हा शेडमध्ये जावं लागलं होतं. बॅटऱ्या रात्रभर तिथेच राहिल्या असत्या तर गोठून फुटल्या असत्या. आम्ही दोघं गेलो. कंदील मधे, खांद्याला खांदा लावून. टकटक नव्हती. पंखा स्थिर होता. बाहेरून सासूबाईंचं पुटपुटणं ऐकू येत होतं. थोरल्यांचं नाव घेऊन झालं होतं.

कुबातनं तारा सोडवल्या. आम्ही बॅटऱ्या उचलून दाराबाहेर ठेवल्या, आत राहिलेला कंदील घेतला आणि दाराकडे वळलो.

मागून आवाज आला.

घोगरा नाही, भेसूर नाही. थंडीतून आलेल्या, दमलेल्या माणसाचा असतो तसा. अगदी साधा.

"चहा आहे का?"

कुबातचं तोंड उघडलं. तो ओ देणार होता. मी त्याच्या तोंडावर हात दाबला. ओढतच त्याला बाहेर काढलं आणि दाराला कडी घातली.

आतून पुन्हा आवाज आला नाही. कुणी दार ढकललं नाही. काहीच नाही.

थोरल्यांचं प्रेत आजपर्यंत मिळालेलं नाही.

आता दर गुरुवारी सासूबाई तेल तापवतात, आणि त्या आत गेल्या की मी थोरल्यांचा कटोरा चहानं भरून शेडच्या उंबऱ्यावर ठेवते. कुबात बघतो आणि न बघितल्यासारखं करतो. सकाळी मी जाऊन बघते. हिवाळ्यात चहा गोठलेला असतो, उन्हाळ्यात त्यावर साय धरलेली असते. जसा ठेवला तसाच. मला हायसं वाटतं. मेलेल्या माणसाला वास पुरतो.

पण मग चहा कुणी मागितला होता?

आजही गुरुवार आहे. हे लिहिता लिहिता तेलाचा वास घरात आलाय. कटोरा उंबऱ्यावर ठेवून आले आहे...

एखाद्या सकाळी तो रिकामा दिसला, तर मी सासूबाईंना काय सांगू?